आखराची पाळी

"आठ," डॉ. फिरोज देशमुख म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

"काय आठ?" डॉ. वैजयंती गावंडेंनी विचारलं.

"वर्षं, मॅडम. शेवतीच्या काठातून जे खारं पाणी पाझरतंय, त्याचं वय. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आठ."

"मग चौथ्यांदा मोज. एकोणीसच्या आत येऊच शकत नाही ते."

फिरोजनं मुकाट्यानं चौथी बाटली यंत्राला लावली. खारपाण संशोधन केंद्रात हा जलवयमापी येऊन जेमतेम महिना झाला होता आणि त्याच्या सुरक्षेची काळजी केंद्राच्या संचालकांपेक्षा फिरोजलाच जास्त. यंत्राचं तत्त्व मात्र अगदी सरळ होतं. पाणी जमिनीत मुरतं तेव्हा त्या वर्षीच्या हवेतले काही दुर्मीळ वायू बरोबर घेऊन जातं. हवेतलं त्यांचं प्रमाण दरवर्षी थोडं थोडं बदलतं, जमिनीखाली मात्र ते आहे तसं राहतं. पाणी पुन्हा उजेडात आलं की ते वायू मोजायचे, म्हणजे ते कुठल्या साली आत शिरलं हे कळतं. माणसं वय लपवतात, पाण्याला ती सोय नाही.

चौथ्यांदाही आठच आलं. वैजयंतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या एका आकड्यावर अख्ख्या गावाचा जीव टांगलेला होता.

आता नदीचं आणि कालव्याचं हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. शेवतीच्या दोन्ही काठांची जमीन पोटात मीठ घेऊन बसलेली. पिकांना नळीनं थेंबाथेंबानं पाणी जायला लागलं त्याला चाळीस वर्षं होत आली, तरी जुना मातीचा कालवा हिवाळ्याचे चार महिने भरून वाहायचा, तो फक्त गुरांसाठी. गुरं पिणार मूठभर, आणि त्याच्या चाळीसपट पाणी कालव्याच्या तळातून जमिनीत उतरणार. ते खालच्या मिठातून वाट काढत, लिटरमागे वीस ग्रॅम मीठ घेऊन नदीला मिळायचं. नदी खारावली, विहिरी खारावल्या, माणसांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. शेवटी एकोणीस वर्षांपूर्वी कालवा बंद झाला आणि त्याऐवजी धरणापासून गुरांच्या हौदांपर्यंत नळ टाकले. या 'हिवाळी पर्यायी जलयोजने'चा आराखडा वैजयंतीबाईंचाच. त्याच वर्षी शेवटच्या टोकाचं उंबरखुटा हे गाव उठवून शहराकडेच्या वसाहतीत हलवलं. गुरांचा नळ चारच महिने चाले. पुढे धरणाचं पाणी शहराला राखीव, आणि गुरं डोंगरात जात. माणसांना बारा महिने पाणी लागतं, ते द्यायला शेवतीखेरीज दुसरं कोणी नव्हतं. म्हणून सरकारनं अट घातली होती. हिवाळ्यात नदीच्या पाण्यात लिटरमागे सरासरी पाचशे मिलिग्रॅमच्या आत मीठ आलं की उंबरखुट्यानं खुशाल परत जावं.

वैजयंतीबाई उंबरखुट्याच्याच. "नदी गोड झाली की तुम्हाला मी स्वतः घरी नेऊन सोडते," असा शब्द त्यांनी तेव्हा आईवडिलांना दिला होता.

पहिली आठ वर्षं आकडा चार हजारांवर ढिम्म बसून होता. नवव्या हिवाळ्यात एकदम कोसळला आणि आठशेदहावर आला. वसाहतीत ढोल वाजले, बायांनी बोचकी बांधून ठेवली. त्यानंतर अकरा वर्षं झाली, आकडा आठशेदहावरून हलायला तयार नव्हता. बोचकी केव्हाच सुटली होती. आता महिनाअखेर पुनर्वसन समितीची बैठक होती. त्यात आकडा खाली येण्याची खात्री देता आली नाही, तर गावठाण कायमचं रद्द होणार होतं.

"माझा अंदाज असा होता," वैजयंतीबाई म्हणाल्या, "की हे उरलेलं मीठ जुन्या कालव्याचंच आहे. चिकणमातीत अडकलेलं, सावकाश बाहेर पडणारं. वय एकोणीसच्या वर आलं असतं तर समितीला सांगता आलं असतं, थांबा, जुनं पाणी संपत आलंय."

"पण जुन्या पाण्याला तर आठच वर्षं लागली ना बाहेर पडायला? नवव्या वर्षी आकडा कोसळला तो त्यामुळेच. ते पाणी येऊन गेलं, मॅडम. हे नवं आहे. आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कोणीतरी त्या कालव्यात पाणी सोडलंय."

"आणि त्याच्या आधी?"

"तुम्ही दर हिवाळ्याची बाटली जपून ठेवलीत म्हणून बरं. आकडा कोसळला तेव्हापासूनच्या अकराच्या अकरा बाटल्या मोजल्या. ज्या सालची बाटली, त्याच्या बरोबर आठ वर्षं आधीचं पाणी. कालवा बंद झाल्यापासून एक हिवाळा चुकलेला नाही." फिरोज हसला. "मॅडम, कुठेतरी पाणी मुरतंय." मग त्यांचा चेहरा बघून त्यानं जीभ चावली.

वैजयंतीबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आठ वर्षांपूर्वीचा हिवाळा कुणी विसरायला लावला असता तरी त्या विसरल्या नसत्या.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. ते जुन्या कालव्याचे पाटकरी. कोणाची पाळी किती वाजता सुरू, किती वाजता बंद, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. कालव्याच्या टोकाला असलेल्या उंबरखुट्यात एक रीत होती. सगळ्यांची गुरं पिऊन झाली की शेवटचा तासभर पाणी कोणाच्याच नावावर नसायचं. ते गावच्या आखराकडे, म्हणजे गुरं बसायच्या मोकळ्या जागेकडे सोडून द्यायचे. तिथल्या उंबराला पाणी, तिथल्या विहिरीला पाझर, पाखरांना डबकं. तिला म्हणायचे आखराची पाळी. सगळ्यांचं घेऊन झाल्यावर गावाचं गावाला.

गाव उठलं, तरी सतरा घरांनी गुरं सोडली नव्हती. गुरं जुन्या शिवारात चरायची आणि गावाच्या वर दोन किलोमीटरवरच्या शेवटच्या हौदावर पाणी प्यायची. हिवाळ्याचे सतरा आठवडे, सतरा घरं. एकेक आठवडा एकेका घरानं तिथं झोपडीत राहून हौद सांभाळायचा. बाबा शेवटच्या आजारात होते, मांय त्यांच्या उशाशी, म्हणून त्या वर्षी गावंडेंचा आठवडा वैजयंतीबाईंनी रजा काढून केला. निघताना बाबांनी मनगट धरलं. "वैजू, गुरं पेली का आखराची पाळी देजो. तासभर. कोनाले सांगू नोको."

स्वतः आखलेल्या योजनेतला पहिला नियम म्हणजे कालव्यात टिपूस सोडायचा नाही. तो नियम वैजयंतीबाईंनी सात संध्याकाळी मोडला. हौद भरून वाहू दिला, ते पाणी जुन्या कालव्यात उतरून गावाच्या दिशेनं गेलं, आणि त्या काठावर बसून ओक्साबोक्शी रडल्या. एवढ्यानं काय होतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. वैज्ञानिक असल्यामुळे तेव्हाच मनातल्या मनात हिशोबही केला होता.

तोच हिशोब त्यांनी आता फळ्यावर मांडला. फिरोजला त्यांनी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, आणि तो बिचारा खडूकडे बघत राहिला.

"सेकंदाला आठ लिटर. तासाला एकोणतीस हजार. सात दिवसांचे दोन लाख लिटर. लिटरमागे वीस ग्रॅम, म्हणजे चार टन मीठ. हिवाळाभराच्या नदीत ते मिसळलं की आकडा किती वाढतो?"

फिरोजनं भागाकार केला. "वीस."

"फक्त वीस. माझ्या एकटीच्यानं आठशेदहा होत नाही. आणि माझी चूक एकाच वर्षाची, बाटल्या सगळ्या वर्षांच्या."

दोघंही एकदमच थांबले. सतरा आठवडे. सतरा घरं.

"सतरा गुणिले वीस," फिरोज हळूच म्हणाला, "तीनशे चाळीस. आठशेदहातून वजा केले तर..."

"चारशे सत्तर," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि तो आकडा फळ्यावर लिहिला.

चारशे सत्तर पाचशेच्या आत होतं. म्हणजे शेवती अकरा वर्षांपूर्वीच गोड झाली असती. बोचकी बांधली होती, त्याच हिवाळ्यात गाव घरी गेलं असतं. बाबा वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावर, ज्या खिडकीतून समोरच्या इमारतीची धुणी दिसतात तिच्याकडे तोंड करून गेले. ते त्यांच्या स्वतःच्या ओसरीत गेले असते. त्याआधी तीन वर्षं तिथं राहिले असते. वैजयंतीबाईंनी पदरानं तोंड झाकलं आणि फिरोज शहाणा, तो चहा आणायला म्हणून बाहेर निघून गेला.

रविवारी सकाळी वसाहतीच्या गच्चीवर सतरा घरं जमली. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं, बायका तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वसाहतीत येऊन एकोणीस वर्षं झाली तरी इथलं कोणी 'घरी' हा शब्द वसाहतीसाठी वापरत नसे. वसाहत म्हणजे 'इथं', आणि उंबरखुटा म्हणजे 'घरी'. "घरी चिंचा लय आल्या असतीन अवंदा," असं कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे माना डोलवायचे.

"सांग पोरी, काय म्हनते तुही मशीन?" जानराव खंडारेंनी विचारलं. ते उंबरखुट्याचे शेवटचे सरपंच. गाव नाही, पण सरपंचकी गेली नव्हती.

"आधी माझं ऐका, काका," वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. "बाबा गेले त्या वर्षी मी हौदावर होते. सात दिवस मी रोज तासभर कालव्यात पाणी सोडलं. आखराची पाळी दिली. नियम मीच केला आणि मीच मोडला. तेच पाणी आता नदीत येतंय."

शेंगा सोलणारे हात थांबले. जानराव खाकरले.

"आता तू सांगतलंच त," ते म्हणाले, "आमच्याइकडंबी कधीमधी... तासभर."

"कधीमधी का दरसाल?" त्यांच्या बायकोनं तिथल्या तिथं विचारलं. "खोटं काऊन बोलता? दरसाल सोडतो आमी. विहीर आटली त घरी गेल्यावर पेऊ काय?"

"अवो बाई, तुमीबी?" बेबीताई इंगळे जवळजवळ ओरडल्याच. "मले त वाटे, मी एकटीच चोर हावो!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. कोणी उंबरासाठी सोडत होतं, कोणी मारुतीच्या पारावरच्या तुळशीसाठी. एकानं सांगितलं, की त्याच्या आईचं जन्माआधीच गेलेलं मूल त्या आखरात पुरलेलं आहे, तिला तिथं कोरडं बघवत नाही. प्रत्येक घर एकोणीस वर्षं लपूनछपून हे करत होतं, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की गाव हिरवं आहे ते आपल्या एकट्याच्या पुण्याईनं. सुरुवातीला लोक हसत होते. जानरावांना तर हसून हसून ठसका लागला.

हसणं ओसरल्यावर वैजयंतीबाईंनी उरलेलं सांगितलं. एका घराचे वीस. सतरा घरांचे तीनशे चाळीस. आणि खालचा आकडा चारशे सत्तर.

"एकट्यानं सोडलं असतं," त्या म्हणाल्या, "तर चारशे नव्वद झाले असते. तरी आपण घरी गेलो असतो. एवढ्यानं काय होतंय, हे ज्यानं त्यानं म्हटलं ना, ते ज्याचं त्याचं खरंच होतं."

"म्हंजे," बेबीताईंनी सावकाश विचारलं, "आपन घरासाठी पानी सोडलं, म्हून घरी नाई गेलो?"

"हो."

त्या अकरा वर्षांत वसाहतीतून तेवीस तिरड्या उठल्या होत्या. कोणी मोठ्यानं मोजल्या नाहीत, पण गच्चीवरचं प्रत्येक माणूस आपापली माणसं आठवत होतं. कठड्याशी बसलेली मांय, ब्याऐंशी वर्षांची सुभद्राबाई, पुढे सरकली.

"आज बंद केलं, त किती वर्सं?" तिनं विचारलं.

"जमिनीत आहे ते सगळं यायला आठ वर्षं, मांय."

"बंद करा मंग," मांय म्हणाली आणि शेंगांचं सूप मांडीवर ओढून घेतलं. "आपलं नाई, त लेकराइचं होईन. बंद करा."

कोणाचीच हरकत आली नाही.

समितीपुढे जलवयमापीचे सगळे आकडे आणि सतरा घरांचे अंगठे, सह्या असलेला कबुलीजबाब ठेवला गेला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. गावठाण रद्द करण्याचा निर्णय नऊ वर्षं पुढे ढकलला गेला. अट एकच, शेवटचा हौद काढून त्या जागी मुखझडपेची भांडी बसवायची. जनावरानं तोंड लावून झडप दाबली की तेवढंच पाणी येतं, तोंड काढलं की बंद. सांडायला थेंब उरत नाही. आणि उंबर, विहीर? त्यांच्याविषयी समितीच्या कागदात काही नव्हतं. वैजयंतीबाईंना मात्र ठाऊक होतं. आखराच्या विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा वीतभर थर, आणि तो कालव्याच्या पाझरावरच जगत होता. पाझर तुटला की दोन-तीन वर्षांत विहीर खारी होणार, उंबर वाळणार. लोक परत जातील तेव्हा नदी गोड असेल, पण ज्या आखरासाठी जीव तुटत होता ते आखर नसेल. हेही त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि एकानंही सही मागे घेतली नाही.

भांडी बसवायला माणसं येणार होती त्याच्या आदल्या दिवशी गावंडेंचा आठवडा चालू होता. मांय हट्टानं आली होती. चौथ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून उतरवावं लागलं होतं, पण हौदाशी आल्यावर ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी म्हशींमधून फिरली. दिवस कलला. शेवटची म्हैस तोंड पुसल्यासारखी मान हलवून निघून गेली.

"वैजू, आज एक डाव," मांय म्हणाली. "तुह्या आकड्यात बसत असंन त."

वैजयंतीबाईंनी मनात हिशोब केला. एका संध्याकाळचा तास म्हणजे नदीत पुरते तीनसुद्धा नाहीत. उद्यापासून दुसरं कोणी सोडणार नाही. आठ वर्षांनीच्या हिवाळ्यात इतर घरांच्या आधीच मुरलेल्या पाण्यात आणखी तीन, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चारशे सत्तर.

"बसतं," त्या म्हणाल्या. "तासभर."

मांयनं नळाचा वॉल उघडला. हौद काठोकाठ भरला, एका बाजूनं सांडायला लागला आणि पाण्याची धार जुन्या कालव्याच्या भेगाळ तळातून वाट शोधत गावाकडे निघाली. दोघी काठावर बसल्या. दूर आखरातल्या उंबराचा शेंडा दिसत होता. मांयला तो दिसत होता की नाही कोण जाणे, पण ती बघत तिकडेच होती. तिथं लग्न होऊन आले तेव्हा उंबर तुझ्या बाबांच्या उंचीचा होता, असं तिनं सांगितलं. तुझ्या बाबांनी पहिल्या दिवशी मला घर दाखवायच्या आधी कालव्याचं दार दाखवलं, असंही सांगितलं.

"हे पानी नदीत कवा येईन?"

"आठ वर्षांनी."

"मी त नसंन तवा."

नव्वद, वैजयंतीबाईंनी मनात मोजलं. मांय नव्वदची असेल.

"तुह्या मशिनीले समजन का, हे अवंदाचं हाये म्हून?"

"साल समजेल. कोणी सोडलं ते नाही समजत."

"तुले त समजन ना? मंग झालं."

तेव्हा वैजयंतीबाईंच्या लक्षात आलं. बाकी घरांनी या वर्षी सोडलेलं पाणी आधीच जमिनीत गेलं होतं, शेवटचं जे येईल ते हे. आठ वर्षांनी काठातून पाझरणाऱ्या बाटलीभर पाण्यात आजची हवा असेल, या संध्याकाळची, मांयनं श्वासात घेतली तीच. नंतरच्या हिवाळ्यात ते संपलेलं असेल. आकडा खाली येईल, ढोल वाजतील, गाव घरी जाईल. ज्या आकड्यासाठी आयुष्य घातलं, तो उतरेल त्या दिवशी नदीत मांयचं काही उरलेलं नसेल. एकोणीस वर्षं त्यांना त्या दिवसाची घाई होती. आता तो दिवस कधीच येऊ नये असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

तास झाला. मांय काठी टेकून उठली आणि वॉलकडे निघाली.

"राहू दे, मांय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणखी थोडा वेळ राहू दे. एवढ्यानं काही होत नाही."

मांयनं वळून लेकीकडे पाहिलं. मग काठी हौदाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी वॉल गच्च बंद केला.